दुसऱ्या भाषेत बोलणारा माणूस खरं बोलतोय की खोटं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं दुभाष्याचं काम करते, कधी चौकशीत, कधी मुलाखतीत, कधी डॉक्टरांसमोर. आणि एक गोष्ट इतक्यांदा बघितलीये की आता गप्प बसवत नाही. समोरचा माणूस खरं सांगत असतो, पण भाषा तुटकी असते, आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर हळूहळू संशय यायला लागतो. काम संपल्यावर लोक मला जे प्रश्न विचारतात ते इथे एकत्र केलेत.

दुसरी भाषा म्हणजे नेमकी कोणती?

लहानपणी घरात जी कानावर पडली ती सोडून नंतर शिकलेली कुठलीही. पण एक लक्षात घ्या, भाषा "येते" यात फार मोठा फरक असतो. रोजचं काम, चौकशी, हसणं-बोलणं जमणं वेगळं आणि त्याच भाषेत आपल्यावर आलेला आळ खोडून काढणं वेगळं. बाहेर छान गप्पा मारणारा माणूस आत खुर्चीवर बसून "त्या दिवशी नक्की काय घडलं" या प्रश्नाला पार अडकतो, आणि मग लोक म्हणतात की मघाशी तर चांगलं बोलत होता की, आता काय झालं.

मुळात खोटं बोलणारा ओळखता येतो का हो?

आपल्याला वाटतं तेवढा नाही. २००६ साली चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो या दोघांनी तोवरचे दोनशेहून जास्त अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला, जवळपास २४ हजार लोकांनी दिलेले निर्णय होते त्यात, आणि खरं-खोटं ओळखण्याचं प्रमाण निघालं ५४ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५० आलं असतं. आणि हे बहुतेक एकाच भाषेतल्या लोकांमधलं, म्हणजे भाषेची अडचण मध्ये नसताना.

मग दुसऱ्या भाषेत बोलणाऱ्याच्या बाबतीत जास्त चुकतं का?

हो, आणि चूक एका बाजूला झुकते. कॅनडातल्या एमी-मे लीच आणि केला दा सिल्वा यांनी २०१३ मध्ये हे तपासलं. लोकांनी आपल्या भाषेत बोलणाऱ्यांवर सहज विश्वास ठेवला, दुसऱ्या भाषेत बोलणाऱ्यांना मात्र तो सवलतीचा विश्वास मिळाला नाही, आणि खरं-खोटं वेगळं करणंही त्यांच्या बाबतीत जास्त अवघड गेलं. पुढे २०१६ मध्ये भाषेच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवरचे लोक घेऊन बघितलं तर नवशिक्यांच्या बाबतीत अंदाज सगळ्यात वाईट ठरले. त्याआधी २००५ साली हाँगकाँगमध्ये कँटनीज (तिथली चिनी भाषा) आणि इंग्रजी घेऊन एक अभ्यास झाला होता, तिथे दुसऱ्या भाषेत खोटं बोलणारे जास्त पकडले गेले खरे, पण खरं बोलणारेही खोटारडे ठरले. सरसकट सगळ्यांवर संशय घेतला की काही खोटारडे सापडणारच, त्याला ओळखणं म्हणत नाहीत.

पण तो अडखळत होता, थांबून थांबून बोलत होता. खरं सांगायला एवढा विचार कशाला लागतो?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपल्या भाषेत बोलताना शब्द आपोआप येतात. दुसऱ्या भाषेत आधी गोष्ट आठवायची, मग शब्द शोधायचा, तो सापडला नाही तर त्याच्या जवळचा शोधायचा, मग क्रियापदाचं रूप लावायचं, मग उच्चार, आणि हे सगळं चालू असताना समोरच्याचा चेहरा बघायचा की त्याला कळतंय का. एवढी कामं एका वेळी चालली की माणूस थांबणारच, "अं अं" करणारच, वाक्य अर्धवट सोडून नव्याने सुरू करणारच. आणि नेमकी हीच लक्षणं आपण खोट्याची म्हणून मनात धरलेली असतात! उशिरा आलेलं उत्तर लोकांना कमी प्रामाणिक वाटतं हे २०२१ च्या एका मोठ्या संशोधनात परत परत दिसलंय. म्हणजे ऐकणारा मुद्दाम वाईट वागत नसतो, त्याला ते आतूनच तसं वाटतं, आणि म्हणूनच मला त्याची जास्त काळजी वाटते.

अजून एक गंमतशीर पण महत्त्वाची गोष्ट आहे. खोटं बोलायला खऱ्यापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो, साध्या हो-नाहीच्या प्रश्नांमध्येसुद्धा, हे प्रयोगशाळेत मोजता येतं. २०१८ मध्ये जर्मनीत क्रिस्टिना सुखोत्स्की आणि माथियास गामर यांनी हेच परक्या भाषेत करून बघितलं तर खऱ्या-खोट्या उत्तरांतलं वेळेचं अंतर कमी झालं. का, तर परक्या भाषेत खरं उत्तरच हळू यायला लागलं. म्हणजे ज्या उशिरावर बोट ठेवून आपण "बघ अडकला" म्हणतो तो उशीर तिथे खरं बोलणाऱ्यालाही होतोय.

नजर चुकवत होता त्याचं काय?

नजरेवर कृपा करून निकाल देऊ नका. जगातल्या ५८ देशांतल्या लोकांना विचारलं होतं की खोटं बोलणारा कसा ओळखाल, आणि बहुतेक ठिकाणी सगळ्यात जास्त आलेलं उत्तर एकच, तो नजरेला नजर देत नाही. गंमत म्हणजे डीपाउलो आणि सहकाऱ्यांनी २००३ साली १५८ वेगवेगळ्या खुणा तपासल्या होत्या आणि नजरेचा खोटेपणाशी जवळजवळ काहीच संबंध निघाला नव्हता. सगळं जग एका चुकीच्या गोष्टीवर एकमताने विश्वास ठेवून बसलंय.

शब्द आठवताना माणूस वर, खाली, खिडकीकडे बघतो, समोरच्या चेहऱ्याकडे बघत बघत शब्द शोधणं जड जातं. त्यात मोठ्या माणसाच्या डोळ्यात डोळे घालून बोलणं कुठे आदराचं तर कुठे उद्धटपणाचं. नेदरलँड्समध्ये आल्डर्ट व्राय यांनी दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामहून आलेल्या लोकांचा अभ्यास केला होता, ते खरं बोलत असोत की खोटं, स्थानिक डच लोकांपेक्षा नजर जास्त वळवायचे आणि बोलताना जास्त अडखळायचे. डच पोलिसांच्या डोक्यात मात्र हीच संशयिताची लक्षणं.

काल एक सांगितलं आज दुसरंच. हे तर सरळ खोटं ना?

आधी बघा की गोष्ट बदललीये की फक्त शब्द बदललाय. माझ्या कामात निम्मी "विसंगती" इथेच विरघळते.

मराठीचंच घ्या. आपण म्हणतो "पायाला लागलं". आता इंग्रजीत पावलाला वेगळा शब्द आणि वरच्या पायाला वेगळा. पहिल्या दिवशी माणूस फूट म्हणाला, दुसऱ्या दिवशी लेग म्हणाला, त्याच्या डोक्यात दोन्ही वेळा "पाय"च होता, पण कागदावर दोन जखमा झाल्या. मी अशा एका माणसासोबत बसलेले, त्याला पाऊण तास फक्त याच्यावरून झापलं, आणि त्याला शेवटपर्यंत कळलं नाही की आपण चुकलो कुठे. मी बोलायचा प्रयत्न केला तर मला सांगितलं फक्त शब्दाला शब्द द्या. ते अजून मनात टोचतं.

"परवा" हा शब्द बघा, होऊन गेलेला परवा पण तोच आणि येणारा परवा पण तोच, आपल्याला क्रियापदावरून कळतं, पण दुसऱ्या भाषेत क्रियापदच चुकलं तर? "म्हणे" तर त्याहून अवघड. "तो म्हणे आधीच निघून गेला होता" यात मी सांगतेय की हे ऐकीव आहे, मी पाहिलेलं नाही. भाषांतरात तो एवढासा "म्हणे" गळाला की उरतं "तो आधीच निघून गेला होता". मग प्रश्न येतो, तुम्ही पाहिलंत का? नाही. मग आधी कसं काय छातीठोक सांगितलंत? झाला माणूस खोटा. तुर्कीसारख्या भाषांमध्ये हा ऐकीवपणा क्रियापदाच्या प्रत्ययातच बसलेला असतो, तो दुसऱ्या भाषेत नेताना वेगळा सांगावा लागतो, आणि घाबरलेला माणूस तो विसरतो.

फिनिश, हंगेरियन, तुर्की या भाषांमध्ये तो आणि ती असा फरकच नाही, त्या भाषांचे लोक दुसऱ्या भाषेत बोलताना "तो"च्या जागी "ती" म्हणून जातात आणि ऐकणाऱ्याला वाटतं गोष्टीतला माणूसच बदलला. इथिओपियाचं कॅलेंडर आपण वापरतो त्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे आहे आणि त्यात १३ महिने असतात, तिथल्या माणसाने स्वतःची तारीख मनातल्या मनात बदलून सांगितली तर एखाद्या वर्षाची चूक सहज होते. तिथे आणि पूर्व आफ्रिकेतली स्वाहिली भाषा बोलणाऱ्यांमध्ये घड्याळाचे तासही पहाटेपासून मोजतात, सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. आता सांगा, "एक वाजता निघालो" आणि "सातला निघालो" यात खोटं कुठे आहे?

प्रत्येक प्रश्नाला "हो हो" म्हणत होता, मग नंतर नाही का म्हणतो?

कारण बऱ्याचदा त्या "हो"चा अर्थ "मी ऐकतोय" एवढाच असतो, किंवा "तुम्ही चिडू नका", किंवा "लवकर संपू दे". ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या बोलण्यावर डायना ईड्स यांनी फार मोठं काम केलंय, त्यात ही सवय नीट मांडलीये की अधिकारी माणसाने विचारलं की प्रश्न कळो न कळो, पटो न पटो, होकार देऊन मोकळं व्हायचं. तिथल्या नॉर्दर्न टेरिटरीमध्ये १९७६ साली न्यायमूर्ती फॉर्स्टर यांनी पोलिसांसाठी नियम घालून दिले, अनुंगा नियम म्हणतात त्यांना. भाषा सफाईने येत नसेल तर दुभाषी हवा, सोबत ओळखीचं विश्वासाचं माणूस हवं, उत्तर सुचवणारे प्रश्न नकोत, आणि "तुम्हाला गप्प राहण्याचा हक्क आहे" हे सांगितल्यावर "कळलं का? हो" यावर थांबायचं नाही, त्या माणसाला स्वतःच्या शब्दात सांगायला लावायचं की काय कळलं. १९७६! एवढ्या वर्षांनंतरही मी "कळलं ना?" "हो" "लिहा, कळलं" हे बघते.

आणि परिणाम काय होतो ते पण तिथेच दिसलं. पश्चिम ऑस्ट्रेलियात वाळवंटातल्या एका तरुणाने मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला, त्याची मातृभाषा पिंटुपी, इंग्रजी अगदी तुटपुंजी. २०१७ मध्ये अपील कोर्टाने ती शिक्षा रद्द केली, कारण त्या कबुलीमागे त्याला सगळं नीट समजलं होतं असं म्हणता येत नव्हतं. तोवर तो जवळपास पाच वर्षं आत होता.

नकारार्थी प्रश्नांचा घोळ वेगळाच. "तू गेला नाहीस ना?" याला आपण म्हणतो "हो, नाही गेलो". जपानी, कोरियन, चिनी बोलणारेही असंच करतात. इंग्रजीत बरोबर उलटं. फक्त "हो" एवढंच लिहून घेतलं तर अर्थ पालथा झाला. असे प्रश्न विचारूच नका.

एवढं दुःखाचं सांगत होती आणि डोळ्यात पाणी नाही. संशय येणारच ना?

आईने लहानपणी रागावताना वापरलेले शब्द आठवा, अजून पोटात गोळा येतो की नाही? तेच शब्द शिकलेल्या भाषेत वाचले तर तेवढं होत नाही. २००३ मध्ये तुर्की मातृभाषा असलेल्या लोकांना तुर्की आणि इंग्रजी शब्द ऐकवून त्वचेवरची प्रतिक्रिया मोजली होती, लहानपणीच्या रागावण्याच्या वाक्यांना तुर्कीत जास्त प्रतिक्रिया आली. दुसरी भाषा अनुभवापासून थोडं लांब उभं करते. काहींना तर त्याचमुळे बोलता येतं, आपल्या भाषेत जे तोंडातून फुटलंच नसतं ते परक्या भाषेत बातमी वाचल्यासारखं सांगून टाकतात. ते कोरडेपण खोटेपणाचं नसतं.

नुसत्या उच्चारावरून पण विश्वास कमी होतो का?

२०१० मध्ये शिरी लेव्ह-आरी आणि बोआझ कायझार यांनी एक प्रयोग केला. साधी माहितीची वाक्यं, जिराफ उंटापेक्षा जास्त दिवस पाण्याशिवाय राहू शकतो अशा प्रकारची, वेगवेगळ्या अ‍ॅक्सेंटमध्ये वाचून दाखवली, आणि ऐकणाऱ्यांना आधीच सांगितलं होतं की बोलणारा फक्त दिलेलं वाचतोय. तरी परक्या अ‍ॅक्सेंटमधलं वाक्य कमी खरं वाटलं. नंतर दुसरीकडे हाच प्रयोग केला तेव्हा प्रत्येक वेळी असं आलं नाही, त्यामुळे मी हे ब्रह्मवाक्य मानत नाही. पण कानाला जड गेलेलं मनाला खोटं वाटू शकतं एवढं लक्षात ठेवायला काय हरकत आहे.

दुभाषी दिला की प्रश्न मिटला?

मी स्वतः दुभाषी आहे आणि तरी सांगते, नाही मिटत. पण न देण्यापेक्षा शंभर पटीने बरं. दुभाषाने "बहुतेक", "मला वाटतं" असे शब्द गाळले किंवा बोलणं जरा सभ्य केलं की साक्षीदाराबद्दलचं मत बदलतं, सुझन बर्क-सेलिग्सन यांनी अमेरिकेतल्या कोर्टांत हे बारकाईने दाखवलंय. शिवाय दुभाष्यामार्फत बोलताना लोक तपशील कमी देतात असंही दिसलंय, वाक्य तोडून तोडून द्यावं लागतं ना, आठवणीची लय तुटते. मग ऐकणारा म्हणतो, उत्तरं फारच मोघम.

घरच्यांना, खास करून मुलांना दुभाषी म्हणून बसवू नका. आई मुलीसमोर काय काय लपवेल याचा विचार करा. आणि आरोपीला कोर्टाची भाषा कळत नसेल तर फुकट दुभाषी मिळणं हा हक्क आहे, नागरी आणि राजकीय हक्कांच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम १४ मध्ये स्पष्ट लिहिलंय. मेहेरबानी नाही ती.

मशीनला विचारलं तर? तिला कुठे पूर्वग्रह असतो?

असतो, कारण ती माणसांच्याच नमुन्यावर शिकते. युरोपियन युनियनच्या पैशातून २०१६ ते २०१९ मध्ये आयबॉर्डरकंट्रोल नावाचा प्रकल्प झाला, सीमेवर प्रवाशाला स्क्रीनवरचा एक कृत्रिम अधिकारी प्रश्न विचारणार आणि चेहऱ्याच्या बारीक हालचालींवरून खोटं ओळखणार. चेहऱ्यावरून माणसाला ओळखता येत नाही ते मशीनला कुठून येणार, वर भाषेचा ताण चेहऱ्यावर दिसतोच.

लिहिण्यातही तेच. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले ९१ निबंध एआयने लिहिलेलं ओळखणाऱ्या सात सॉफ्टवेअरमधून काढले, सरासरी ६१ टक्के निबंध "मशीनने लिहिलेत" म्हणून आले. माणसांनी स्वतः लिहिलेले निबंध! शब्द साधे आणि ठराविक होते एवढाच गुन्हा. शिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे, त्या आकड्यावर कुठल्याही मुलाला चोर ठरवू नका.

मग ओळखायचं तरी कसं?

कसं बोलतोय हे सोडा, काय सांगतोय ते बघा. जे पडताळता येईल ते विचारा, तिथे अजून कोण होतं, कुठली पावती, कुठला फोन, कुठला रस्ता. खरं सांगणारा असे धागे सहसा देतो, खोटं बोलणारा पडताळता येणारं टाळतो, यावर व्राय आणि गॅलित नहारी यांनी बरंच काम केलंय. प्रश्न छोटे, एका वेळी एकच. आधी अवांतर साधं बोला, म्हणजे हा माणूस खरं बोलतानाही किती थांबतो ते कळेल, नंतर त्याच्याशीच तुलना करा, तुमच्याशी नाही. चित्र काढू द्या, नकाशा काढू द्या, खोली कशी होती ते कागदावर दाखवायला शब्द लागत नाहीत. विसंगती दिसली तर मनात धरून ठेवू नका, सरळ विचारा की आधी असं म्हणालात आता असं, मला समजावून सांगा. आणि निर्णय मोठा असेल तर त्याच्या भाषेत ऐका.

काही लोक भाषा येत नसल्याचं नाटक करतात, त्यांचं काय?

करतात, मी पाहिलेत. दुभाष्याच्या वेळात विचार करायला मिळतो हेही खरं. पण ते पकडायचा मार्ग पण पडताळणीचाच आहे, मागची नोकरी, शिक्षण, मेसेज, जुने जबाब. दोन-चार जणांच्या नाटकासाठी बाकी सगळ्यांची तोंडं बंद करायची हे मला पटत नाही.

मलाच दुसऱ्या भाषेत जबाब किंवा मुलाखत द्यायचीये. काय करू?

पहिल्यांदा दुभाषी मागा, भाषा थोडीफार येत असली तरी मागा, आणि दुभाष्याची बोली तुम्हाला कळत नसेल तर सुरुवातीलाच सांगा, नंतर सांगितलं तर बहाणा वाटतो. प्रश्न कळला नाही तर "हो" म्हणू नका, "परत विचारा" म्हणा, दहा वेळा म्हणावं लागलं तरी. आठवत नसेल तर अंदाजाने तारीख ठोकू नका, "पावसाळा होता, मुलगी तेव्हा चालायला लागली होती" असं सांगा, ते जास्त पक्कं असतं. ऐकीव असेल तर ऐकीव म्हणून वेगळं सांगा. शब्द सापडत नसेल तर तसं तोंडाने बोलून दाखवा, "मला शब्द आठवत नाहीये, गोष्ट आठवतेय", या एका वाक्याने समोरच्याला तुमचं थांबणं समजतं. आणि शेवटी जे लिहून घेतलंय ते तुमच्या भाषेत पूर्ण वाचून दाखवायला लावा, चूक दिसली तर तिथेच दुरुस्त करायला सांगा, घाई करत असतील तरी, आणि मगच सही करा.